चाकातला प्ले नक्की कुणाचा?

बाबांची प्रीमियर पद्मिनी नेरूळला आणल्यापासून मला सगळ्यात जास्त गोंधळात टाकलं ते तिच्या पुढच्या डाव्या चाकाने. गाडी जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवलं की अगदी बारीक ‘टक’ व्हायचं. कानाला जेमतेम, तळहाताला मात्र नक्की. नोंदणीचं नूतनीकरण जवळ आलं होतं. खासगी गाडीची १५ वर्षं उलटली की पुढे दर ५ वर्षांनी तपासणी करून ते करून घ्यावं लागतं. शिवाय गाडीत माझी मुलं बसतात. तेव्हा ते ‘टक’ तसंच सोडणं शक्य नव्हतं.

विचारायला गेले तर एकाने बेअरिंग बदला म्हणून सांगितलं, दुसऱ्याने किंगपिन. तिसरा म्हणाला, जुन्या गाडीत एवढं चालायचंच. तिघांनीही चाक हलवून बघितलं होतं. कुणाचं धरावं ते मला उमजेना, कारण तिघांचंही खरं असू शकत होतं. या गाडीच्या पुढच्या चाकामागे ढिलं पडू शकणाऱ्या जागा एकामागोमाग एक आहेत: हबमधली दोन बेअरिंगं, किंगपिन (चाक वळताना जिच्याभोवती वळतं ती खीळ) आणि तिची बुशं, विशबोनची बुशं, टायरॉड एंड. टायर धरून हलवणाऱ्याच्या हाताला या सगळ्यांच्या ढिलेपणाची, म्हणजे प्लेची, बेरीज लागते. त्यात चाक १४ इंची. टायरची कड हबच्या मध्यापासून जवळजवळ फूटभर लांब, त्यामुळे आतली जराशी हालचालही तिथे कितीतरी पट मोठी होऊन येते.

शेवटी तुर्भ्याला एक मिस्त्री भेटले. त्यांची हयात काळ्या-पिवळ्या टॅक्स्यांखाली गेलेली. “ताई, प्ले कुणाचा ते आधी बघू. सामानाचं मग,” एवढंच म्हणाले.

मागच्या चाकांना ओट लावली, नुसत्या जॅकवर भरवसा न ठेवता चासीखाली घोडी दिली. घड्याळात १२ आणि ६ असतात तिथे चाक धरून हलवलं. टक. मग त्यांच्या पोऱ्याने आत बसून ब्रेक दाबून धरला आणि त्यांनी पुन्हा तसंच हलवलं. टक आता बरंच बारीक झालं, पण संपलं नाही. ब्रेक दाबला की ब्रेकशू ड्रमला आतून आवळतात आणि हब मागच्या प्लेटशी जखडला जातो, म्हणजे बेअरिंगांचा प्ले हिशेबातून जातो. उरेल तो किंगपिनपासून पुढचा. ही एवढी साधी गोष्ट मला आधी कुणी का सांगितली नाही, याचं आजही वाईट वाटतं. मोठा वाटा बेअरिंगचा होता, थोडा किंगपिनचा. त्यांनी मला बॅटरी धरून चाकामागे बघायला लावलं. किंगपिनच्या जोडापाशी बारीकशी फट उघडमिट करताना दिसली. मग ब्रेक तसाच दाबलेला ठेवून ३ आणि ९ वर धरून हलवलं, तिथे काही नाही, टायरॉड ठीक. शेवटी ब्रेक सोडून, एक हात स्प्रिंगवर ठेवून चाक गरागरा फिरवलं. बेअरिंग खराब असतं तर स्प्रिंगमध्ये खरखर जाणवली असती. जाणवली नाही.

हबचं टोपण काढलं तर ग्रीस दुधाळ झालेलं. पाणी शिरलं होतं. खाडीकाठच्या सखल जमिनीवर वसलेल्या आमच्या नवी मुंबईत सिडकोने होल्डिंग पाँड बांधले खरे, पण मोठा पाऊस आणि भरती एका वेळी आली की काही रस्त्यांवर पाणी चढतंच. जुन्या गाडीचं ऑइल सील तिथे हार मानतं.

बेअरिंगं धुऊन बघितली. डाग नाहीत, खड्डे नाहीत. तीच परत वापरायची, नवं ग्रीस, नवं सील. नट आवळताना मिस्त्री चाक फिरवत राहिले, म्हणजे निमुळते रोलर आपापल्या जागी बसतात. मग नट सैल केला, नुसत्या बोटांनी टेकवला आणि अडकवून टाकला. मी चाक हलवलं. अगदी किंचित प्ले अजून होताच! तो मुद्दाम ठेवलेला. निमुळत्या रोलरच्या अशा बेअरिंगला साधारण ०.०२ ते ०.१२ मिलिमीटर मोकळीक लागते, म्हणजे फार तर केसाच्या जाडीच्या आसपास. गरम झाल्यावर धातू फुगतो. मोकळीक नसेल तर बेअरिंग स्वतःलाच जाळून घेतं. मी इतके दिवस शून्य प्लेच्या मागे होते, आणि ते शून्यच घातक ठरलं असतं.

कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेल्या या गाडीला रोज हात लावणारी माणसं टॅक्स्यांमुळे टिकली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरात नोंदली गेली आणि २० वर्षांची मुदत भरून २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. या मिस्त्रींना चाकातलं जे हाताला कळतं, ते त्यांच्या पोऱ्याने शिकून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. भाग बदलून देणारे पुष्कळ मिळतील.

चाक बसवून झाल्यावर पामबीच रोडवर फेरी मारली, होता होईतो ब्रेक न वापरता गाडी थांबवली आणि दोन्ही हबना हात लावला. दोन्ही सारखेच कोमट. एक जरी जास्त तापलेला असता तर नट पुन्हा उघडायचा, असं मिस्त्रींनी बजावलं होतं. डाव्या किंगपिनचं काम अजून बाकी आहे. तिचा किट बघायला कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जायचंय, आणि नूतनीकरणाची तारीख त्यानंतरच घेणार आहे.