बेल्ट ओरडतो, दोष टेन्शनरचा

सकाळी गाडी सुरू करताना बोनेटखालून चिरका आवाज आला की आपल्याकडे निदान ठरलेलं असतं : फॅन बेल्ट गेलाय, बदलून टाका. अँबॅसिडरच्या काळापासून हा सल्ला चालत आलाय. आताच्या बहुतेक छोट्या गाड्यांत पंखा विजेच्या मोटरवर फिरतो, आणि तो बेल्ट अल्टरनेटर, एसीचा कॉम्प्रेसर, अनेक इंजिनांत पाण्याचा पंप आणि हायड्रॉलिक स्टिअरिंग असेल तर त्याचाही पंप फिरवतो. सल्ला मात्र तोच राहिला. माझ्या गाडीचा ड्राइव्ह बेल्ट मी घरीच बदलतो आणि टेन्शनरसकट बदलतो. यामागे पैसे वाचवण्याचा हेतू दुय्यम आहे. बेल्ट बदलणं हे मुळात निदानाचं काम आहे, निदानाला वेळ लागतो, आणि हा वेळ गॅरेजपेक्षा गाडीच्या मालकाकडे जास्त असतो, असं माझं म्हणणं आहे.

जुन्या व्ही-बेल्टचा ताण माणूस ठरवायचा. अल्टरनेटरचा बोल्ट सैल करायचा, टॉमीने अल्टरनेटर मागे रेटायचा, बोल्ट आवळायचा आणि अंगठ्याने बेल्ट दाबून बघायचा. बेल्ट सैल झाला की पुन्हा तेच. अनेक पुल्यांतून नागमोडी फिरणारा एकच लांब बेल्ट आला, तसं अनेक गाड्यांत हे काम स्प्रिंगकडे गेलं. ऑटोमॅटिक टेन्शनर म्हणजे स्प्रिंगने दाबून धरलेला दांडा, त्याच्या टोकाला बेअरिंगवर फिरणारी पुली आणि दांड्याची थरथर शोषणारा घर्षणाचा बुश. याचा ताण बाहेरून वाढवता येत नाही. स्प्रिंग मऊ पडली किंवा बुश झिजला, तर तो टेन्शनर बदलण्याला पर्याय नसतो. म्हणून आवाज आल्यावर फक्त बेल्ट बदलणाऱ्याने ताणाच्या प्रश्नाला हातच लावलेला नसतो. नवा बेल्ट कोरा असतो, त्याची पकड चांगली असते, आवाज काही काळ थांबतो आणि निदान बरोबर होतं असा सगळ्यांचा समज होतो.

टेन्शनर किती झिजतो, याचा हिशेब साधा आहे. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकशाफ्टच्या प्रत्येक फेऱ्यात दोनदा इंधन पेटतं. दर वेळी क्रँक किंचित झटका खातो आणि पुढच्या वेळेपर्यंत किंचित मंदावतो. अल्टरनेटरचा जड रोटर मात्र आपल्याच गतीत फिरत राहू पाहतो. या ओढाताणीत बेल्ट आलटून पालटून ताणला जातो, सैलावतो, आणि ते सगळं टेन्शनरचा दांडा सोसतो. आयडलिंगला इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असेल, तर मिनिटाला १,६०० धक्के होतात, तासाला ९६ हजार. हिंजवडीच्या कोंडीत एसी लावून उभ्या राहिलेल्या गाडीच्या मीटरवर किलोमीटर वाढत नाहीत, हे धक्के मात्र चालूच असतात. टेन्शनरची पुली क्रँकच्या पुलीच्या निम्म्या व्यासाची असेल, तर तिचं बेअरिंग इंजिनाच्या दुप्पट वेगाने फिरतं. नुसते किलोमीटर बघून ‘टेन्शनर अजून चांगला असणार’ असं म्हणणं मला म्हणूनच पटत नाही.

बेल्टच्या तपासणीबाबतही आपण जुन्या सवयीने चालतो. निओप्रीनचे बेल्ट म्हातारे झाले की त्यांना भेगा पडत, आणि भेगा दिसल्या की बेल्ट बदलायचा हा नियम चोख होता. आता सर्रास मिळणारे बेल्ट ईपीडीएम रबराचे असतात. त्यांना सहसा भेगा पडत नाहीत, ते टायरसारखे झिजतात. रिबांमधल्या दऱ्या रुंद होतात, बेल्ट पुलीच्या खाचेत जास्त खोल बसतो आणि पाचरीसारखी पकड जाते. ६पीके बेल्टवर सहा रिबा असतात आणि दोन रिबांमधलं अंतर ३.५६ मिलिमीटर. एवढ्याशा जागेतली झीज नुसत्या डोळ्यांना कळत नाही. खाचेत बसवून बघायचं प्लॅस्टिकचं छोटं गेज मिळतं, ते लावावं लागतं. बोनेट उघडून टॉर्च मारून ‘बेल्ट तर नवाकोरा दिसतोय’ म्हणणारा खोटं बोलत नसतो, तो दुसऱ्या काळातल्या बेल्टची परीक्षा घेत असतो.

निदान कसं करायचं, याला ठरलेली रीत आहे. इंजिन चालू ठेवून, सैल बाही, ओढणी, गळ्यातली साखळी दूर ठेवून, बेल्टच्या रिबांच्या बाजूवर पाण्याचा बारीक फवारा मारायचा. आवाज वाढला, तर बेल्ट घसरतोय, म्हणजे ताण कमी आहे. आवाज थांबला आणि पाणी उडून गेल्यावर परत आला, तर बहुधा एखादी पुली रेषेत नाही. मग टेन्शनरचा दांडा बघायचा. त्याची बारीक थरथर चालेल, तो लांबवर झुलत असेल तर बुश संपलाय, नाहीतर अल्टरनेटरची एकाच दिशेने मोकळी फिरणारी पुली जाम झालीय. बेल्ट उतरवल्यावर खरी तपासणी सुरू होते. प्रत्येक पुली हाताने फिरवायची. ग्रीस शाबूत असलेलं बेअरिंग किंचित जडपणे, गुपचूप फिरतं आणि लवकर थांबतं. ग्रीस संपलेलं बेअरिंग खरखर करतं किंवा भिंगरीसारखं फिरतच राहतं, आणि नेमकं तेच अजाण माणसाला चांगलं वाटतं. कुठून तेल किंवा कूलंट ठिबकत असेल, तर आधी ती गळती बंद करायची. बेल्टला साबण लावून किंवा फवारे मारून आवाज दाबणं म्हणजे आपल्याला मिळालेली एकमेव खूण पुसून टाकणं.

प्रत्यक्ष बदलायचं काम यापुढे सोपं आहे. इंजिन थंड, किल्ली बाहेर, बॅटरीची निगेटिव्ह तार सोडलेली. बेल्ट कुठल्या पुलीला कुठल्या बाजूने वळसा घालतो, याचा मोबाइलवर फोटो काढायचा. लांब दांड्याचा पाना टेन्शनरच्या चौकोनी खाचेत किंवा षटकोनी डोक्यावर बसवून दांडा स्प्रिंगविरुद्ध सावकाश फिरवायचा, गुळगुळीत पुलीवरून बेल्ट सरकवायचा आणि दांडा सावकाशच परत सोडायचा. नवा टेन्शनर जुन्याशेजारी ठेवून पडताळायचा, त्याच्या पाठीवरची पिन इंजिनावरच्या भोकात बसली याची खात्री करायची आणि बोल्ट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कलाच आवळायचा. नवा बेल्ट चढवल्यावर प्रत्येक पुलीच्या कडेवरून बोट फिरवायचं. एक रिब खाचेबाहेर राहिली, तरी बेल्ट फाटायला वेळ लागत नाही. शेवटी क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन चालण्याच्या दिशेने हाताने एखाददोन फेरे द्यायचे, मगच बॅटरी जोडायची.

यावर पहिला आक्षेप असा, की मेकॅनिक हे काम रोज करतो, त्याचा हात बसलेला असतो. हाताबद्दल वादच नाही. बेल्ट चढवण्यात तो माझ्यापेक्षा नक्कीच चपळ आहे. पण तो गाडी एकदा ऐकतो, मालक रोज ऐकतो. आवाज थंड इंजिनाला येतो की एसी लावल्यावर, पावसात वाढतो की कायम असतो, हे मालकालाच ठाऊक असतं. शिवाय दाराशी पुढची गाडी उभी असताना प्रत्येक पुली फिरवून बघण्याची फुरसत कुठल्याही धंद्यात कमीच. दुसरा आक्षेप खर्चाचा : टेन्शनर बेल्टपेक्षा बराच महाग, चालता भाग का फेकायचा? बेल्ट पूर्ण आयुष्य जगून उतरत असेल, तर टेन्शनरनेही तेवढेच धक्के खाल्लेले असतात. तो पुढच्या बेल्टच्या अर्ध्या वाटेत गेला, तर मजुरी दुसऱ्यांदा आणि बहुधा बेल्टही दुसऱ्यांदा. घाटात तसं झालं, तर बॅटरीचा दिवा लागतो, हायड्रॉलिक स्टिअरिंग जड होतं, आणि पाण्याचा पंप याच बेल्टवर असेल तर इंजिन तापायला लागतं. अर्थात अपघातात तुटलेला किंवा तेलाने अकाली खराब झालेला बेल्ट बदलताना टेन्शनर तपासून शाबूत निघाला, तर तो ठेवावा. माझा आग्रह तपासणीचा आहे, नुसत्या खरेदीचा नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो : हे धोक्याचं काम आहे. ते खरं आहे, आणि म्हणून त्याची हद्द आखून घ्यायला हवी. टायमिंग बेल्ट हे वेगळं प्रकरण आहे. तो एखादा दात जरी चुकला तरी अनेक इंजिनांत व्हॉल्व्ह आणि पिस्टन भिडू शकतात, त्याला घरी हात लावू नये. काही गाड्यांत टेन्शनरच नसतो, ताणून बसवायचा लवचीक बेल्ट असतो आणि त्याला खास हत्यार लागतं. काहींत इंजिनाचं माउंटिंग सोडल्याशिवाय टेन्शनर निघत नाही. अशा गाड्या गॅरेजलाच न्याव्यात. वॉरंटीतली गाडीही सर्व्हिस सेंटरलाच दाखवावी. चाक काढावं लागत असेल, तर नुसत्या जॅकवर भिस्त ठेवू नये. सपाट जमीन, चाकाला उटी आणि जॅक स्टँड हवेतच. एवढं पाळून ज्याला काम जमण्यासारखं आहे त्याने ते करावं. ज्याला जमणार नाही, त्याने गॅरेजमध्ये जाऊन ‘बेल्ट बदला’ एवढंच न सांगता आवाज कधी येतो ते सांगावं, बेल्ट उतरवल्यावर पुल्या फिरवून दाखवायला सांगावं आणि जुना टेन्शनर हातात घेऊन बघावा. पाना कोणाच्या हातात होता, याला त्यानंतर फारसं महत्त्व उरत नाही.