आमचा लेफ्ट बॅक

दोस्तांनो, फुटबॉलचा व्हिडिओ गेम तुमच्यापैकी किती जण खेळतात? हात वर करा पाहू! अरे वा, आई-बाबांचेही दोन-चार हात दिसताहेत. मग आज तुम्हाला माझ्या फजितीची गोष्ट सांगायलाच हवी.

गेल्या मे महिन्यात माझा भाचा सुट्टीसाठी आमच्याकडे कोल्हापूरला आला. आठवीतला पोरगा. कपडे कमी आणि गेमच्या वायरी जास्त, अशी त्याची बॅग!

"मामा, खेळतोस का?"

मी म्हटलं, "अरे, मी कोल्हापूरचा! इथं पेठापेठांत फुटबॉलचे संघ आहेत. शिवाय मी शाळेच्या टीमचा कॅप्टन होतो. तू मला काय हरवणार?"

अर्ध्या तासात त्यानं मला ४-० असं हरवलं.

आता माझं काय चुकत होतं ते ऐका. माझ्या टीममध्ये चार बॅक होते. गोलसमोर मधे दोन सेंटर बॅक, उजव्या कडेला राइट बॅक आणि डाव्या कडेला लेफ्ट बॅक. मधले दोघे चांगले उंच, हेडर मारण्यात पटाईत, पण पळायला जड. भाच्याचा फॉरवर्ड त्यांच्यामधून सुसाट निघून जायचा आणि गोल!

मग मी डोकं चालवलं. गेम थांबवला आणि टीमची मांडणी दिसते तो पडदा उघडला. माझा राइट बॅक चपळ होता. त्याला उचलून मधे ठेवलं आणि मधल्या एका उंच गड्याला उजव्या कडेला पाठवलं. बटण दाबलं, झालं! फक्त एक गोष्ट घडली. दोघांच्या नावांपुढचे आकडे एकदम उतरले. एकाचे ८१ होते, त्याचे ७० झाले.

"मामा, आकडा बघ," भाचा म्हणाला.

"आकड्यांनी फुटबॉल खेळतात होय रे?" मी ऐटीत म्हणालो.

पुढच्या डावात भाच्यानं चेंडू मधून आणलाच नाही. माझ्या जड गड्याला कडेनं चकवायचं आणि गोलसमोर उंच चेंडू टाकायचा, एवढंच त्यानं केलं. मधे उभा होता माझा चपळ गडी, पण बुटका! चेंडू दर वेळी त्याच्या डोक्यावरून जायचा. या खेपेला ६-०.

"मामा, तू एक भोक बुजवायला दुसरं पाडलंस," भाचा म्हणाला. "तुझे बॅक वाईट नव्हतेच. ते फार पुढं उभे होते. त्यांच्या मागं मोकळी जागा राहायची, म्हणून माझा गडी पळायचा. माणसं हलवू नकोस, सगळी रेषाच जरा मागं घे."

बचावाची रेषा पुढं-मागं करायची सोय त्या गेममध्ये होती. ती मी मागं घेतली. पुढचा सामना १-० असा हरलो. हरलोच म्हणा, पण रात्रीचं जेवण गोड लागलं!

मग बॅकची जागा कधी बदलूच नये का? तसं मुळीच नाही बरं का! १९२५ साली फुटबॉलमधला ऑफसाइडचा नियम बदलला. त्याआधी पुढं गेलेल्या खेळाडूसमोर विरुद्ध संघाचे किमान तीन गडी असावे लागत, आता दोन पुरू लागले. गोलांचा पाऊस पडू लागला. तेव्हा इंग्लंडमधल्या आर्सेनल संघानं, हर्बर्ट चॅपमन त्यांचे मॅनेजर असताना, मैदानाच्या मधे खेळणाऱ्या सेंटर हाफला मागं आणून दोन बॅकच्या मधे उभं केलं. दोनाचे तीन बॅक झाले आणि पुढं कितीतरी संघांनी तीच मांडणी उचलली.

अर्जेंटिनाचा हाविएर मास्चेरानो २०१० साली बार्सिलोनाकडे आला, तेव्हा तो मधल्या फळीतला खेळाडू होता. उंचीही बेताचीच. तरी तिथं त्याला सेंटर बॅक केलं. २०११ साली चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात तो त्याच जागी खेळला आणि बार्सिलोनानं मँचेस्टर युनायटेडला ३-१ असं हरवलं. म्हणजे जागा बदलता येते. पण नवी जागा शिकायला गड्याला वेळ द्यावा लागतो.

त्या रात्री मला झोप येईना. डोळ्यांपुढं तो ८१ चा ७० झालेला आकडा येत होता, आणि त्याच्या मागोमाग आमचा शाळेतला लेफ्ट बॅक.

त्याचं नाव सांगत नाही, त्याला आवडायचं नाही. तो डावखुऱ्या पायाचा होता आणि आमचा सगळ्यात भरवशाचा बॅक. आंतरशालेय स्पर्धेची सेमी फायनल होती. समोरच्या संघाचा वेगवान विंगर आमच्या उजव्या बाजूनं येणार, असं कळलं. मी कॅप्टन! मॅच सुरू होता होता त्याला म्हणालो, "आज तू राइट बॅक." तो काहीतरी बोलणार होता. मी ऐकायला थांबलोच नाही.

उजव्या कडेला चेंडू डाव्या पायावर घ्यायला तो आत वळायचा, आणि त्याचा फटका थेट आमच्याच गोलसमोर जायचा. दोन गोल झाले. आम्ही हरलो. आणि मी सगळ्यांसमोर त्याच्यावर ओरडलो, "तुझ्यामुळं हरलो!" त्यानंतर तो मैदानावर आलाच नाही.

पडद्यावरच्या गड्याचा आकडा उतरला, तेव्हा तो मला दिसला तरी. माझ्या मित्राला आकडा नव्हता, चेहरा होता. तो मी पाहिलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्याचा नंबर शोधून फोन लावला. सगळं सांगितलं. "चूक माझी होती," एवढं म्हणायला मला तीसहून जास्त वर्षं लागली. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "लेका, आठ दिवस आधी सांगितलं असतंस, तर उजव्या पायाचा सराव केला असता की!"

त्याला खेळायचंच होतं हो! कुठंही, कोणत्याही जागी. फक्त कुणीतरी विचारायला हवं होतं.

तेव्हा दोस्तांनो, गेममध्ये बॅक खुशाल हलवा. हलवलात की कुठं जागा मोकळी पडली, ते तेवढं बघा. पण खऱ्या मैदानावर कुणाला हलवायचं असेल, तर आधी त्याला विचारा. आणि तो काही बोलू लागला, तर थांबून ऐका.

आता उठतो. भाचा हाका मारतोय. रविवारी माझा लेफ्ट बॅक येणार आहे त्याच्याशी गेम खेळायला. त्याला कुठं उभं करायचं, ते तोच ठरवेल!