हिवाळ्याची सफर

आमच्या घरी हिवाळा सर्वांत आधी खोबरेल तेलाच्या बाटलीत दिसतो. एका सकाळी बाटली उलटी केली तरी थेंब पडत नाही आणि धाकटा ओरडतो, "दादी, थंडी आ गई!" खोबरेल तेल साधारण २४ अंशांच्या खाली गेले की गोठू लागते. थर्मामीटर नसलेल्या घरात ही बाटली थर्मामीटरचे काम बरे करते. मग तिचा मुक्काम उन्हाच्या खिडकीत हलतो, तो थेट फेब्रुवारीपर्यंत.

आपला धाराशिव जिल्हा बालाघाटच्या पठारावरचा. इथली थंडी कोरडी. ओठ फुटतात, टाचा उलतात, आणि फळ्यावर लिहिताना खडूने बोटांची सालपटे निघतात. पेटीच्या तळाशी गेलेल्या सोलापुरी चादरी वर येतात. त्यांच्याबरोबर जुन्या कपड्यांच्या तुकड्यांची ती जाड गोष्टही निघते. दादी तिला गुदडी म्हणते, शेजारच्या काकू वाकळ म्हणतात आणि आमच्या पाठ्यपुस्तकात ती गोधडी असते. दोन भाषा शिकवणाऱ्या आम्हांला या तीन नावांचे फार कौतुक. दादीला त्याचे काही नाही. ती फक्त तुकडे दाखवते: ही तुझ्या फुफीच्या निकाहातली ओढणी, ही दादाजींची लुंगी, हा तुझा पहिला कुर्ता. मुले पांघरूण कमी घेतात आणि त्यावरचा खानदानी इतिहासच जास्त वाचतात.

हिवाळ्यात घरात वादही निराळेच होतात. यंदाचा वाद मशिदीतून आणलेल्या नमाजच्या वेळांच्या तक्त्यावरून झाला. थोरलीचे म्हणणे असे: "२२ डिसेंबरच्या सुमारास दिवस सर्वांत लहान, मग मगरिबची वेळही त्याच दिवशी सर्वांत लवकर हवी. तक्त्यात तसे का नाही?" पोरीचे निरीक्षण बरोबर होते. आपल्याकडे सूर्य सर्वांत लवकर मावळतो तो नोव्हेंबरच्या अखेरच्या आठवड्यात, पावणेसहाच्या पुढेमागे. आणि सर्वांत उशिरा उगवतो तो जानेवारीच्या मध्यानंतर, सातच्या सुमारास. म्हणजे दिवस मोठा होऊ लागला तरी पुढचे तीन-चार आठवडे सकाळ आणखी उशिराच होत राहते. याचे उत्तर तक्त्यातल्याच जवालच्या रकान्यात आहे. नोव्हेंबरअखेर सव्वाबाराच्या आसपास असलेला जवाल जानेवारीच्या उत्तरार्धात साडेबाराच्या पुढे जातो. पृथ्वीचा अक्ष कललेला आहे आणि तिची सूर्याभोवतीची वाटही अगदी गोल नाही, म्हणून सूर्य आपल्या घड्याळाच्या ठोक्याला रोज माथ्यावर येत नाही. त्याची दुपार सरकते, तिच्याबरोबर उगवणे-मावळणेही सरकते.

आणखी एक गंमत वर्गात सांगितली की मुले विश्वास ठेवत नाहीत. पृथ्वी सूर्याच्या सर्वांत जवळ असते ती जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. तेव्हा अंतर सुमारे १४ कोटी ७१ लाख किलोमीटर, तर जुलैत सुमारे १५ कोटी २१ लाख. "मग सर, थंडी का?" या प्रश्नासाठीच ती माहिती सांगायची असते. किरणे तिरपी पडतात आणि दिवस लहान असतो, एवढे उत्तर पुरते.

फजरच्या वेळी मात्र हे सगळे शास्त्र विसरायला होते. समोर असते फक्त थंडगार पाणी. आमच्याकडे अजून तांब्याचा बंब आहे. तुराट्या, चिपाडे आणि दोन गोवऱ्या घातल्या की अर्ध्या तासात घरभर धूर आणि बादलीभर कढत पाणी. नळाला गीझर लावायची चर्चा दर वर्षी नोव्हेंबरात सुरू होते आणि फेब्रुवारीत आपोआप संपते. त्रास होत असतानाही वुजू नीट, पूर्ण करणे हे गुनाह धुऊन काढणाऱ्या अमलांपैकी आहे, असे हदीसमध्ये आले आहे. धाकट्याने त्यावर विचारले, "गरम पाण्याने केला तर सवाब कमी होतो का?" दादी म्हणाली, "बेटा, पाणी गरम करणारीलाही काही सवाब मिळू दे की."

दीन अंगावर बर्फ ओतून घ्यायला सांगत नाही, हेही मुलांना सांगायला हवे. हजरत अम्र बिन आस (रजि.) यांचा वाकिआ आम्ही दर हिवाळ्यात सांगतो. जातुस्सलासिलच्या मोहिमेवर कडाक्याच्या थंडीच्या रात्री त्यांच्यावर गुस्ल वाजिब झाला. आंघोळ केली तर जीव जाईल अशी भीती वाटली, म्हणून त्यांनी तयम्मुम करून साथीदारांना नमाज पढवली. गोष्ट नबी (सल्ल.) यांच्यापर्यंत गेली. आपण आपल्या हातांनी स्वतःला हलाक करू नये या कुरआनच्या हुकमाचा दाखला अम्र (रजि.) यांनी दिला, तेव्हा आप (सल्ल.) हसले आणि काही बोलले नाहीत. तसेच चामड्याच्या मोज्यांवरचा मसह: घरी असलेल्याला एक दिवस-रात्र, मुसाफिराला तीन दिवस-रात्र. मुलांना हा हिशेब फार आवडतो. फक्त एवढे बजावावे लागते की सवलत जिवाच्या भीतीसाठी आहे, रजईच्या मोहासाठी नाही.

आता थोडे दस्तरख्वानाकडे. बाजरीची भाकरी, वर लोण्याचा गोळा, हिरव्या मिरचीचा ठेचा. तुरीच्या उकडलेल्या शेंगा. डिंक, खारीक, खोबऱ्याचे लाडू, जे दादी कुलपात ठेवते आणि ज्यांची संख्या तरीही घटते. रविवारी पायांचा रस्सा, रात्रभर मंद आचेवर. त्या वासाने फजरला उठायला कुणाला हाक मारावी लागत नाही. शाळूची कणसे दुधात आली की हुरडा. शेतात आगटी पेटवायची, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात कणसे भाजायची, गरम असतानाच हातावर चोळायची आणि शेंगदाण्याच्या चटणीबरोबर तोंडात टाकायची. गुळभेंडीचा हुरडा असेल तर गुळाचीही गरज नाही.

आणि वेळ अमावस्या! मार्गशीर्षातली ही अमावस्या धाराशिव-लातूरकडे जशी होते तशी बाकी महाराष्ट्राला ठाऊकही नाही. त्या दिवशी गावे ओस पडतात आणि रान भरून जाते. शेतकरी शेतात कडब्याची कोप उभी करतो, काळ्या आईची पूजा करतो आणि येईल त्याला जेवू घालतो. पूजा त्यांची, पंगत सगळ्यांची. शाळेतले सहकारी आठ दिवस आधीपासून बजावतात, "सर, यायचंच." भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि मडक्यातले आंबील. डाळी, शेंगा आणि पालेभाज्यांची ती भज्जी दुसऱ्या कुठल्याही दिवशी केली तर तशी लागत नाही, असा दादीचा अनुभव आहे. ईदला आमच्याकडचा शीरखुर्मा त्यांच्या घरी जातो, संक्रांतीला त्यांचा तिळगूळ आमच्याकडे येतो. या देवघेवीची कुणी बातमी करत नाही, कारण त्यात नवे काही नाही.

शाळेत या दिवसांत वर्ग भिंतीच्या आत राहत नाही. दहाच्या सुमारास सतरंज्या अंगणात येतात. ऊन सरकेल तशी रांग सरकते. शनिवारी सकाळची शाळा असली की मुले कानटोप्यांत नुसती डोळ्यांनी हजेरी देतात. पण हजेरीपटावर हिवाळ्याची आणखी एक खूण असते. दिवाळीच्या सुट्टीनंतर काही नावांपुढे रोज गैरहजेरीची खूण पडू लागते. ऊसतोडीचा हंगाम सुरू झालेला असतो. बीडचे नाव यासाठी जास्त घेतले जाते, पण भूम, वाशी, कळंबकडची कुटुंबेही टोळ्यांबरोबर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात कारखान्यांवर जातात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडायची असते. लहान मुले कधी सोबत जातात, कधी नाना-नानीकडे राहतात. अशा मुलांसाठी गावातल्या शाळेत हंगामी वसतिगृह चालवले जाते, तेथे त्यांना जेवण मिळते आणि शाळाही सुटत नाही. चांगली सोय आहे. पण रात्री पांघरूण सरकले तर ते नीट करणारा हात फडावर असतो.

आम्ही पाचवीला 'माझा आवडता ऋतू' हा निबंध दिला होता. जवळजवळ सगळ्यांनी हिवाळा लिहिला: हुरडा, शेकोटी, बोरे, सहल. नानीकडे राहणाऱ्या एका मुलीने पावसाळा लिहिला. कारण एका ओळीत होते. पावसाळ्यात अम्मी घरी असते.

त्यानंतर काही दिवसांनी मुलांकडून सूरह कुरैश पाठ करून घेत होतो. लहानशी सूरह, नमाजमध्ये आपण सगळेच पढतो. हिवाळ्यासाठीचा अरबी शब्द कुरआनमध्ये एकदाच आला आहे आणि तो इथे आहे. कुरैशच्या दोन सफरी: उन्हाळ्यात शामकडे आणि हिवाळ्यात यमनकडे. त्यांच्या ओसाड प्रदेशाला अन्नधान्य या काफिल्यांमुळे मिळत होते. पुढे अल्लाह त्यांना आठवण देतो की या घराच्या रबची इबादत करा, ज्याने तुम्हांला भुकेत खाऊ घातले आणि भीतीत अमन दिले. अर्थ सांगून झाल्यावर त्या मुलीनेच हात वर केला. "म्हणजे हिवाळ्यात कमवायला जायचं तेव्हापण होतं?" होते, बेटा. तेव्हाही कुणाची तरी अम्मी, कुणाचे तरी अब्बा थंडीत दूर जात होते, आणि मागे राहिलेली मुले वाट पाहत होती. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "पण ते परत यायचे."

सूरह आम्ही लहानपणापासून पढत आलो. त्यातली सफर आम्हांला कायम उंटांची, लांबच्या वाळवंटाची वाटत होती. ती सफर दर वर्षी आपल्या गावातल्या एसटी थांब्यावरून ट्रॅक्टरवर चढून निघते, हे त्या दिवशी कळले. आता दर शनिवारी शाळा सुटल्यावर ती आमच्या फोनवरून अम्मीशी बोलते. तिकडे रेंज मिळाली तर. पहिला प्रश्न नेहमी तोच असतो, तिचा नाही, अम्मीचा: "थंडी तो नहीं लगती ना?" आणि ऊसतोडीवरच्या त्या निवाऱ्याला काय म्हणतात, तर कोपी. वेळ अमावस्येला आपण एक दुपार कोपेत हौसेने जेवतो. तिचे आईबाप तशाच एका कोपीत पाच महिने राहतात, आणि पहाटेच्या अंधारात कोयता घेऊन दव पडलेल्या उसात शिरतात. आपल्या चहातली साखर तिथून येते.

पुढची काही वर्षे याकडे आणखी लक्ष द्यावे लागेल, कारण रमजान पुन्हा हिवाळ्यात येतो आहे. चांद्र वर्ष सौर वर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान, म्हणून रमजान दर वर्षी तेवढा मागे सरकतो आणि सुमारे ३३ वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. १९९८ आणि १९९९ मध्ये तो डिसेंबरात सुरू झाला होता. आमची तरुणपणातली सहरी म्हणजे रजईतून बाहेर काढलेला एक हात, त्यात कढत चहाचा पेला, आणि धुरात डोळे चोळणारी अम्मी. आमच्या मुलांनी तसा रमजान पाहिलेला नाही. त्यांना २०१६ सालचा जूनमधला साडेचौदा तासांचा रोजा ऐकून माहीत आहे. डिसेंबरात आपल्याकडे रोजा सव्वाबारा तासांच्या आसपास असतो. आणि २०३० मध्ये तर, चंद्रदर्शनाप्रमाणे, एक रमजान जानेवारीत आणि दुसरा डिसेंबरच्या अखेरीस सुरू होईल. माणसाच्या आयुष्यात असा हिवाळी रमजान दोनदा, फार तर तीनदा येतो. दादी बोटांवर मोजते आणि म्हणते, "मेरा तीसरा होगा, इन्शाअल्लाह."

बुजुर्गांनी हिवाळ्याला मोमिनचा बहार म्हटले आहे. दिवस लहान, रोजा सोपा; रात्र मोठी, झोप होऊनही तहज्जुदला वेळ उरतो. ज्याच्या अंगावर रजई आहे त्याच्यासाठी हे अगदी खरे आहे. ज्याच्या अंगावर नाही, त्याचा हिस्सा आपल्या रजईत आहे. जकात बहुतेक घरांतून रमजानमध्ये निघते, पण थंडी त्याच्यासाठी थांबत नाही. एखादी वाकळ, एखादे चांगले स्वेटर, नव्या मापाचे मोजे आत्ता दिले तर आत्ता उपयोगी पडतात. आणि देताना मुलांच्या हाताने, चारचौघांत न बोलता द्यावे. आमच्या घरी थोरलीने बंब पेटवण्याच्या पाळ्यांचा एक तक्ता करून नमाजच्या तक्त्याशेजारी चिकटवला आहे. दादीचे नाव त्यात नाही. तिला ते पसंत नाही, पण गरम पाणी रोज वेळेवर मिळते.