‘म्यूट कर’ हा सल्ला आहे, न्याय नाही

ऑनलाइन गेममध्ये कुणी घाणेरडे बोलले की मुलींना एकच सल्ला मिळतो, “म्यूट कर की, कशाला मनावर घेतेस?” वस्तीतल्या मुलींबरोबर काम करताना हे वाक्य आम्ही अनेकदा ऐकतो. सल्ला देणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण मित्रहो, या सल्ल्याची परीक्षा तीस वर्षांपूर्वीच झाली आहे.

एम.ए.ला समाजशास्त्र शिकताना आम्ही ज्युलियन डिबेल यांचा लेख वाचला. डिसेंबर १९९३ मध्ये तो अमेरिकेतील ‘द व्हिलेज व्हॉइस’मध्ये छापून आला होता. विषय होता ‘लॅम्डामू’. पावेल कर्टिस यांनी झेरॉक्सच्या कॅलिफोर्नियातील संशोधन केंद्रात सुरू केलेले हे जग केवळ मजकुरावर चालायचे. चालणे, बोलणे, हसणे, सगळे पडद्यावरच्या ओळींतून. त्यामुळे कुणाच्या ओळी दिसाव्यात हे ठरवणाऱ्या आज्ञा खेळाडूंच्या हाती होत्या. ‘गॅग’ आणि पुढे नाव टाइप केले की त्या खेळाडूच्या ओळी तुम्हाला दिसेनाशा होत. ‘रिफ्यूज’ने एखाद्याचे निरोप काही काळ नाकारता येत आणि आपल्याला नकार मिळाला हे त्यालाही कळे.

तिथे ‘मिस्टर बंगल’ नावाच्या पात्राने भर दिवाणखान्यात एका प्रोग्रॅमच्या जोरावर इतर पात्रांच्या नावे लैंगिक अत्याचाराच्या ओळी छापल्या. जणू ती पात्रे स्वतःच ते करत होती. यावर काहींचे उत्तर तयार होते: गॅग करा, प्रश्न मिटला. डिबेल यांनी नेमके बोट ठेवले. गॅगमुळे ओळी फक्त पीडितेच्या पडद्यावरून जातात. खोलीतले बाकी सगळे त्या वाचतच राहतात.

आम्हाला पुढचा प्रश्न विचारायचा आहे. या व्यवस्थेत कष्ट कुणाचे? आज्ञा टाइप करायची तिने, यादी सांभाळायची तिने, आपल्या पाठीमागे काय चालले आहे याची धास्ती बाळगायची तिनेच. त्याचे काय गेले? काहीच नाही. आणि वाचणारे सुटले, कारण उपाय ‘तिच्या हातात’ होता.

लॅम्डामूवर सभा झाली, ती निर्णयाविना संपली. मग व्यवस्थापनातल्या एकाने स्वतःच्या अधिकारात बंगलला काढून टाकले. एकट्याने दिलेली शिक्षा कितीही योग्य वाटली तरी ती नियमाची जागा घेऊ शकत नाही. कर्टिस यांनी त्यानंतर खेळाडूंसाठी अर्ज आणि मतदानाची पद्धत आणली, ती म्हणूनच महत्त्वाची.

म्यूट हवेच. नको ते न ऐकण्याचा हक्क कुणी काढून घेऊ नये. पण पुढच्या वेळी टीममधल्या मुलीला “म्यूट कर” म्हणण्याआधी शिवी देणाऱ्याला आपण स्वतः टोका, स्क्रीनशॉट ठेवा, तक्रार आपल्या नावाने करा. ऐकणारे आपणही होतो.