निवारा आणि घर

सायंकाळ झाली की पाखरे घरट्याकडे वळतात, गुरे गोठ्याची वाट धरतात आणि दिवसभर राबलेला माणूसही घराच्याच ओढीने झपझप पावले टाकू लागतो. ज्याला घर आहे, त्याला घराचे मोल सहसा उमगत नाही. ते उमगते घर हरपल्यावर. पुणे शहरातील हजारो कुटुंबांना ते एकाच सकाळी उमगले.

तो दिवस होता १२ जुलै १९६१. पुण्याजवळ पानशेत येथे आंबी नदीवर मातीचे धरण बांधले जात होते. मुसळधार पावसाने त्यास धोका उत्पन्न झाला. लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचून त्याला आधार दिला. परंतु सकाळी धरण फुटलेच. आणि त्या लोंढ्यापुढे खडकवासल्याचे जुने धरणही टिकले नाही. तथापि जवानांचे श्रम वाया गेले नव्हते. संकट रात्रीच्या अंधारात न येता दिवसाउजेडी आले, म्हणून असंख्य लोकांना मुलांबाळांसह उंच जागी जाता आले. मुठेने काठ सोडला. लकडी पूल पाण्याखाली गेला. नदीकाठच्या पेठांतील मातीविटांचे जुने वाडे ढासळले. पुष्कळांचे प्राण वाचले. पण परतावयास घर उरले नाही.

अशा वेळी शहराने आपली दारे उघडली. शाळा ही पूरग्रस्तांची वसतिस्थाने झाली. जेथे काल पाढे घोकले जात होते, तेथे आज कुटुंबे पथाऱ्या पसरून बसली. कोणी पिठले-भाकरी आणली, कोणी कपडे आणले. धरणे फुटल्यामुळे नळ कोरडे पडले होते. मग वाड्यावाड्यांतील जुन्या विहिरी पुन्हा उपयोगी पडल्या. जातपात, पेठ, ओळख यांची विचारपूस करण्यास कोणाला सवड नव्हती.

परंतु निवारा म्हणजे घर नव्हे. निवाऱ्यात पाऊस लागत नाही, पोटाला अन्न मिळते. तरी तेथे आईला आपली चूल मांडता येत नाही, आजोबांना आपला देव्हारा लावता येत नाही आणि मुलाला आपले दप्तर ठेवायला हक्काचा कोनाडा नसतो. कालपर्यंत दारी आलेल्यास वाढणारी गृहिणी आज दुसऱ्याच्या हातून भात घेताना मान खाली घालते. घर गेलेला माणूस याचक नसतो, हे देणाऱ्याने कधी विसरू नये. त्याला अन्नाइतकीच आपल्या दाराची, कामधंद्याची आणि शेजाराची गरज असते.

हे ध्यानी घेऊन पुढे शहराच्या मोकळ्या माळांवर पूरग्रस्तांसाठी वसाहती उभारण्यात आल्या. अर्धगोल छपरांच्या निसन हट बांधल्या गेल्या. अनेकांनी सहकारी संस्था स्थापून आपली घरे उभी केली. गोखलेनगर, लोकमान्यनगर, सहकारनगर या वस्त्यांच्या इतिहासाशी त्या पुराची आठवण जोडलेली आहे.

तरी हे काम एका पावसाळ्याचे नव्हते. पूर ओसरतो, त्याबरोबर लोकांची दयाही ओसरू लागते. बेघरपण मात्र ओसरत नाही. तात्पुरत्या म्हणून बांधलेल्या त्या हटांत अनेक कुटुंबांची वर्षांमागून वर्षे गेली. तेथे जन्मलेली मुले तेथेच मोठी झाली. पहिल्या दिवशी भाकरी देणारे हात पुष्कळ असतात. परंतु शंभराव्या दिवशी चौकशी करणारे थोडे असतात. आणि बेघर कुटुंबाला त्या थोड्यांचाच खरा आधार असतो.

म्हणून संकटात सापडलेल्याला छपराखाली घेणे हा सेवेचा आरंभ होय. तो स्वतःच्या दाराची कडी स्वतःच्या हाताने लावून निश्चिंत झोपी जाईल, त्याच दिवशी ती सेवा पुरी झाली असे समजावे.