महाळुंगाचा व्हिसा रिजेक्ट!

ऑनसाइटहून परतताना घरच्यांसाठी काय न्यायचं? माझ्या टीमने हा प्रश्न चॉकलेटांवर सोडवला. माझ्या आईने मात्र, आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःसाठी काही मागितलं आणि तेही काय, तर महाळुंग! लिंबाच्या खानदानातलं, जाड सालीचं पिवळं फळ.

आई पक्की कोल्हापूरची. तिच्या अंबाबाईच्या हातात महाळुंग असतं. ऑक्टोबर २०२२मध्ये मी इस्रायलमध्ये अश्दोदला मित्राकडे गेलो होतो, तिथे व्हिडिओ कॉलवर तिला तेच फळ डबीत, मऊ गादीवर ऐटीत बसलेलं दिसलं. "एक आण. देवीपुढे ठेवू, मग पित्तावर पाक करू."

मित्र बेने इस्रायली. त्याची आजी अलिबागकडची, अजून खणखणीत मराठी बोलणारी. ज्यूंचा सुक्कोत, म्हणजे मांडवांचा सण, नुकताच संपला होता. त्यात शनिवार सोडून रोज खजुराची झावळी, दोन झाडांच्या डहाळ्या आणि हे फळ हातात धरून प्रार्थना करतात. हिब्रूत त्याला एत्रोग म्हणतात. ते निवडताना लोक आपण मोबाइल घेतानाही करत नाही इतकी चिकित्सा करतात.

"आजी, हे मी नेऊ?"

"नाही रे बाळा. हे शमिताचं आहे."

शमिता म्हणजे जमिनीची सुट्टी. कोकणात बेने इस्रायलींना 'शनवार तेली' म्हणायचे, कारण शनिवारी त्यांचा घाणा बंद. तोच हिशेब इस्रायलच्या शेतांना लागू. सहा वर्षं काम, सातव्या वर्षी आराम. सप्टेंबर २०२१ ते सप्टेंबर २०२२ हे असं वर्ष होतं. त्या वर्षी झाडाला आपसूक लागलेलं फळ पवित्र आणि सगळ्यांचं, त्याचा धंदा करायचा नाही. मग दुकानात? पैसे झावळीचे द्यायचे, फळ भेट घ्यायचं! हा तोडगा सुमारे १,८०० वर्षांपूर्वीच्या मिश्ना ग्रंथातला आहे. (आपल्या सीएला कळवायला हवं.)

आजीच्या घरचे नियम कडक. फळ देशाबाहेर न्यायचं नाही, औषधाला वापरायचं नाही, खाण्याजोगं असेपर्यंत वाया घालवायचं नाही. म्हणजे आईचा प्लॅन दोन्हीकडून बाद!

मित्र हळूच म्हणाला, "बॅगेत टाक. कोण बघतंय?"

खरं सांगतो, आईचा चेहरा आठवून मन जाम डळमळलं. पण सणभर ज्या फळाला आजीने साधा ओरखडा पडू दिला नव्हता, ते मोज्यांमध्ये लपवून न्यायचं? नाही जमलं.

आजीने त्याचा मुरांबा केला. बिया आणि उरलेले तुकडे वेगळ्या डब्यात. ते तिथेच कुजू द्यायचे, खाण्यालायक राहिले नाहीत की मगच पिशवीत गुंडाळून टाकायचे. पाहुण्याला मुरांबा चालतो म्हणे. मी दोन वाट्या चापल्या. कडवट, पण वास अफलातून.

रात्री आईला घाबरत फोन केला. ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, "निर्माल्य आपण तरी कुठे कचऱ्यात टाकतो? जरा आजींना दे फोन."

"साखर किती घालता हो?" इथून सुरुवात झाली आणि माझ्या मोबाइलची बॅटरी संपेपर्यंत दोघी थांबल्या नाहीत.