पाचवी तार

११ जून
पाऊस लागला. आज रेस्ट. कपाटावरून धाकटीची गिटार काढली. ती पुण्याला नोकरीला गेली तेव्हापासून तिथंच होती. सहाही तारा गंजलेल्या. पुसल्यावर हाताला तांबूस रंग लागला.

१२ जून
नवीन तारा. बारा नंबरचा संच. दुकानदार म्हणाला, बोटं सोलतील, दहाचा घ्या. बाराचाच घेतला. आवाज भरीव पाहिजे.

१५ जून
कुर्डुवाडी. रेल्वेच्या रनिंग रूममध्ये झोप नाही. मोबाइलवर एक जुनी कृष्णधवल चित्रफीत पाहिली. एलिझाबेथ कॉटन. वय झालेली बाई, मांडीवर गिटार उलटी. डावखुरी. उजव्या हाताची गिटार तशीच फिरवून धरलेली, जाड तारा खाली आणि बारीक वर. त्यामुळे मंद्र बोटानं आणि सूर अंगठ्यानं. सगळं जग करतं त्याच्या उलट. चेहरा शांत.
गाण्याचं नाव 'फ्रेट ट्रेन'. मालगाडी.
लहान मुलगी असताना केलेलं गाणं. नॉर्थ कॅरोलायनात कॅरबरो म्हणून गाव आहे, तिथं घराजवळून रूळ जायचे.
हेच शिकायचं. दुसरं काही नको.

१८ जून
'फ्रेट ट्रेन' शिकवणारे व्हिडिओ ढिगानं आहेत. एक मास्तर निवडले. पिकलेली दाढी, सावकाश बोलतात, उजवा हात जवळून दाखवतात. आता इकडे तिकडे बघायचं नाही.

१९ जून
पहिला धडा नुसत्या अंगठ्याचा. सी कॉर्ड धरायचा. पाचवी तार, चौथी तार, पाचवी, चौथी. दुसरं काही नाही. मास्तर म्हणतात, आठवडाभर एवढंच करा.

२१ जून
बोटांची टोकं लाल. चहाचा कप धरताना जाणवतं.

२४ जून
किर्लोस्करवाडीला लूपमध्ये उभे. वरून दोन गाड्या जायच्या होत्या. खताचा रेक. मोबाइल बंद. ड्यूटीच्या पेटीच्या झाकणावर अंगठा चालू ठेवला. ब्रेक व्हॅनमध्ये गार्डला सोबत कुणाची नसते. (कागदावर आता ट्रेन मॅनेजर. तोंडात गार्डच.) इतकी वर्षं त्या एकांताचं काय करायचं ते कळत नव्हतं.

२८ जून
पाचव्या तारेत भणभण आहे. तिसऱ्या पडद्यावर. बारीक, पण आहे. हिला ऐकवलं. म्हणाली, मला तर काही ऐकू येत नाही.

१ जुलै
पुन्हा ऐकवलं. नाही म्हणाली.

३ जुलै
धाकटीला फोनवरून ऐकवलं. "बाबा, छान वाटतंय." भणभण? "नाही हो."

४ जुलै
रात्री डाव्या कानात शिट्टी. पंखा बंद केला तरी होती.

७ जुलै
अंगठ्यावर आता पहिलं बोट. अंगठा ठोक्यावर, बोट कधी ठोक्यावर, कधी दोन ठोक्यांच्या मध्ये. मध्ये आलं की अंगठा थांबतो. दोघं एकाच हाताचे आणि एकमेकांचं ऐकायला तयार नाहीत.
मास्तर सांगतात, अंगठा चालू असताना बोलून बघा. स्वतःचं नाव सांगा, पत्ता सांगा. बोलताना अंगठा अडखळला नाही तर तो तयार झाला.
पत्ता सांगता आला नाही.

९ जुलै
वेग निम्मा केला की आवाज फाटतो, पण बोटं दिसतात. चार मात्रांचा तुकडा पुन्हा पुन्हा. हिनं दार लावून घेतलं. राग नाही, तिची मालिका होती.

१३ जुलै
टॅब उतरवून काढला, वहीत. सहा रेघा, त्यावर आकडे. बोट कुठं ठेवायचं ते टॅबवरून कळतं, किती वेळ ठेवायचं ते कळत नाही. ते ऐकूनच घ्यावं लागतं. टॅबवर विसंबून शिकणाऱ्यांचं वाजवणं म्हणून सपाट होतं. माझं ठाम मत.

१४ जुलै
पीएमईचं, ठरावीक वैद्यकीय तपासणीचं, पत्र आलं. सप्टेंबरात. डोळे, रक्तदाब, साखर, कान.

१७ जुलै
सांगोला मागे टाकलं. रुळाच्या कडेला भोपळ्याचा वेल. मिरजेच्या तंबोऱ्याचे भोपळे याच पट्ट्यातून, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. तोंडाला कडू, खायच्या कामाचे नाहीत. वाळवून पोकळ केले की त्यातून सूर निघतो.

२० जुलै
कॉटनबाईंविषयी वाचत बसलो. पहिली गिटार ३.७५ डॉलरला, लोकांच्या घरी धुणीभांडी करून जमवलेले पैसे. पुढं लग्न, मूल, चर्च. गिटार सुटली ती कित्येक वर्षं. मग वॉशिंग्टनमध्ये सीगर कुटुंबाकडे घरकामाला. त्या घरात सगळेच गाणारे-वाजवणारे. भिंतीवरची गिटार एक दिवस काढली आणि हात आठवत गेला. १९५८ साली पहिली तबकडी निघाली तेव्हा साठी ओलांडलेली. १९८५ मध्ये ग्रॅमी. १९८७ मध्ये गेल्या.
गाणं त्यांच्या आधी इंग्लंडमध्ये दुसऱ्यांच्या नावावर खपलं होतं. हक्क परत मिळवायला झगडावं लागलं.
धुणीभांडी करणाऱ्या बाईचं गाणं म्हणून कुणालाही उचलता आलं. हे वाचून फार राग आला. अजून आहे.

२१ जुलै
त्याच गाण्यात मागणं आहे की मेल्यावर अशा जागी पुरा, जिथून गाडी जाताना ऐकू येईल.
आज सराव नाही.

२५ जुलै
जी कॉर्डवर सहावी आणि चौथी. ई वर सहावी आणि चौथी. एफ वर पंचाईत. मास्तर अंगठा मानेवरून वळवून सहावी तार दाबतात. माझा अंगठा पोचत नाही. हात मोठा हवा असं नाही, मनगट खाली न्यायला हवं. ते व्हिडिओ थांबवून थांबवून बघितल्यावर दिसलं. मास्तरांनी सांगितलेलं नाही. त्यांना ते इतकं अंगवळणी पडलंय की सांगायचं सुचत नसावं.

२९ जुलै
प्रत्येक धड्याच्या शेवटी मास्तर म्हणतात, "छान, आता पुढं जाऊ." त्यांनी माझं काही ऐकलेलं नाही. माणूस भला आहे, शिकवण्यात कसूर नाही. पण हे आज फार जाणवलं.

२ ऑगस्ट
भणभण मोबाइलवर रेकॉर्ड केली. ऐकली. आहे की नाही, सांगता येईना. हेडफोन डाव्या कानाला, मग उजव्या. उजव्यात आहे. डाव्यात नाही. की आहे.

३ ऑगस्ट
सोबतचा एक जण गेल्या साली डीकॅट झाला, गाडीवरून काढला. कान. आता टेबलावर बसतो. रजिस्टर लिहितो. चांगला आहे तसा.

८ ऑगस्ट
मर्ल ट्रॅव्हिस ऐकला. केंटकीच्या कोळशाच्या मुलखातला. अंगठा आणि तर्जनी, बस. ही पद्धत आता त्याच्या नावानं ओळखतात, ट्रॅव्हिस पिकिंग. चेट ॲटकिन्सनं त्यावर आणखी बोटं चढवली. मुळात मात्र एवढंच. अंगठा गाडी चालवतो, बोट खिडकीतून बघतं.
तळव्याची कड घोडीवर टेकवली की मंद्र तारा दबक्या वाजतात, टुकटुक. हे आज साधलं. एकदम गाणं झालं!

१४ ऑगस्ट
पत्ता सांगता आला. पिनकोडसकट. अंगठा थांबला नाही. हिला हाक मारली. ती म्हणाली, "कुणाला पत्ता सांगताय?"

२० ऑगस्ट
कृष्णा चढतेय. आयर्विन पुलावर ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. सगळ्यांच्या बोलण्यात फूट आणि इंच. २०१९चा पूर आठवतो. हिच्या माहेरचं सामान वरच्या मजल्यावर चढवून आलो. बोटं आखडली आहेत.

२३ ऑगस्ट
पाणी उतरायला लागलं.
भिंतींना ओल. गिटारीच्या पिशवीत सिलिकाच्या पुड्या टाकल्या. भणभण वाढलीय. की मला वाटतंय.

२७ ऑगस्ट
गणपती बसले.

३० ऑगस्ट
सतारमेकर गल्लीत गेलो. गिटार पाठीला. लाज वाटत होती, तंबोऱ्याच्या गल्लीत ही घेऊन जायची. ओळखीचे चाचा बसलेले. समोर तुनीच्या लाकडाची दांडी, पलीकडं भोपळे टांगलेले. म्हणाले, "गार्डसाहेब, गिटार आम्ही करत नाही." मी म्हटलं, चाचा, करू नका, फक्त ऐका.
वाजवली. अंगठा, पाचवी तार, चौथी तार. त्यांनी डोळे मिटले. परत वाजवा म्हणाले. परत वाजवली. मग काही न बोलता गिटार हातात घेतली, डोळ्याला लावून दांडी बघितली, स्टीलची पट्टी पडद्यांवर ठेवून टकटक हलवली.
"तिसऱ्यावर दाबता. पण चौथा पडदा वर आलाय. तार त्याला घासते. ओलीनं होतं."
म्हणजे आहे?
"आहे की. बारीक आहे. तुम्हाला आली ऐकू?"
हो.
"घरात आणखी कुणाला?"
नाही.
चाचा हसले. "मग कान शाबूत आहे."
मला पटकन काही बोलता आलं नाही. पाणी मागितलं.

३१ ऑगस्ट
चाचांनी चौथा पडदा कानशीनं घासला, वर गोलाई दिली, बारीक पॉलिश पेपर फिरवला. पैसे घेईनात. शेवटी घेतले.
काम चालू असताना सांगत होते. तंबोऱ्याला हीच झणझण हवी असते. जवारी ती. घोडीचा माथा हाडाचा, तो घासत राहायचं, तार त्याला पुसट टेकली पाहिजे, खाली सुताचा दोरा सरकवायचा, मग सूर उघडतो. एक जवारी जमायला दिवस जातो, कधी जमतच नाही. त्याला कान लागतो, माप चालत नाही. त्यांच्या पोराला हे शिकायचं नाही. मिरजेच्या सतारीला, तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालं, त्याचं प्रमाणपत्र दाखवतात. गल्लीत जवारी लावणारे हात मात्र मोजके उरलेत.
हे काम कुणीतरी शिकलं पाहिजे. व्हिडिओवरून ते येणार नाही. शेजारी बसून दुसऱ्याच्या कानानं ऐकावं लागतं.

१ सप्टेंबर
पाचवी तार स्वच्छ. तासभर नुसती तीच वाजवली.
रात्री डाव्या कानात शिट्टी आहेच.

६ सप्टेंबर
विसर्जन. रस्ताभर कमानी. रात्रभर मिरवणूक चालणार, उद्या उजाडेपर्यंत. स्पीकरच्या भिंती. खिडक्या लावल्या, कानात कापूस घातला, मागच्या खोलीत बसलो. काचा थरथरत होत्या. शेजारच्यांचं तान्हं बाळ रडत होतं, त्याच्या कानाचं काय.

११ सप्टेंबर
पुण्याला. धाकटीकडे उतरलो. उद्या पीएमई. तिला सांगितलं नाही का आलो ते, नुसतं कामासाठी म्हटलं. तिनं वाजवायला लावलं. एफ वर अडखळलो. "बाबा, हे मला कधी जमलं नव्हतं."

१२ सप्टेंबर
कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. उजवा बरा. डाव्यात वरच्या पट्टीतले आवाज उशिरा आले. शेवटचे दोन-तीन, आले की नाही, खात्री नाही. खात्री नसताना दाबलं नाही.
डॉक्टर कागद बघत राहिले. "इंजिनच्या बाजूला असता?" नाही, मागे. "किती वर्षं?" सांगितलं. लिहिलं.

१३ सप्टेंबर
परत मिरज. कागद यायचाय.

१८ सप्टेंबर
हिला सांगितलं. शिट्टीचं, पीएमईचं, सगळं. ती म्हणाली, "मला माहीत होतं. टीव्हीचा आवाज तुम्हीच वाढवता." मग बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, वाजवा ते गाडीचं.

१९ सप्टेंबर
फिट. डाव्या कानात वरच्या पट्टीचा ऱ्हास, मर्यादेच्या आत. पुढच्या वर्षी पुन्हा तपासणी. मोठ्या आवाजापासून जपा.

२० सप्टेंबर
जयसिंगपूरला तीन तास उभे. अंगठा पेटीवर चालूच.

२४ सप्टेंबर
अंबाबाईच्या देवळात नवरात्रातलं गाणं. मागच्या रांगेत बसलो, उजवा कान पुढं करून. गायकाच्या मागे दोन तंबोरे. गाण्याकडं लक्ष कमी, तंबोऱ्याकडं जास्त. मिरजेत जन्म गेला. याच गावात अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, दर्ग्यात त्यांची कबर आहे, दर वर्षी तिथं गाणं होतं, तेही ऐकतो. पण तंबोरा कधी वेगळा काढून ऐकला नव्हता.

२८ सप्टेंबर
सबंध गाणं, न थांबता, संथ लयीत. एफ आला. मेट्रोनोम ७२. मूळ चाल याहून बरीच जलद आहे. घाई नाही.

२ ऑक्टोबर
दसरा. गिटारीला झेंडू वाहिला. हिनं पेटीलाही वाहिला.

५ ऑक्टोबर
गल्लीत गेलो. चाचांना म्हटलं, ऐकणार का? हातातलं काम त्यांनी बाजूला ठेवलं. सगळं वाजवून दाखवलं. शेजारच्या दुकानातला कारागीरही येऊन दारात उभा राहिला.
चाचांनी आधी पाचवी तार छेडून बघितली, पडदा ठीक बसलाय का म्हणून. मग म्हणाले, "अंगठा पक्का झालाय. सूर मात्र घाई करतो, ठोक्याच्या आधी येतो. तेवढं दुरुस्त करा आणि दिवाळीनंतर परत ऐकवा."